वाइड अँगल लेन्स: २५ हजारांत कोणती घ्यावी, आणि मुळात घ्यावी का? (कॅनन २००डी)

चरईकर | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅननचा २००डी कॅमेरा आहे. त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी आणि नंतर घेतलेली ५५-२५० मिमी अशा दोन लेन्सवर आजवर बरे भागत आले. पण अलीकडे १८ मिमीपर्यंत मागे आलो तरी जे टिपायचे ते चौकटीबाहेर राहते, असे फार वेळा होऊ लागले आहे.

माझे विषय सांगतो. ठाण्यातल्या चरई, नौपाडा, जांभळी नाका या भागांत उरलेली कौलारू आणि लाकडी गॅलऱ्यांची घरे पुनर्विकासात जाण्याआधी टिपून ठेवावीत हा मुख्य हेतू आहे. त्याखालोखाल गुढीपाडव्याची शोभायात्रा, मग पावसाळा ओसरल्यावरचे किल्ले, आणि जमल्यास मुरबाडच्या पुढे कुठेतरी अंधारात जाऊन आकाशगंगा. खर्चाची तयारी पंचवीस हजारांची आहे आणि फारच ओढ बसली तर तीस.

दुकानात कॅननची १०-१८ मिमी दाखवली. एका मित्राचे म्हणणे की टोकिनाची ११-१६ मिमी एफ/२.८ (एफचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त) डोळे मिटून घे. दुसरा म्हणतो की क्रॉप सेन्सरवर, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यातल्या लहान सेन्सरवर, पैसे घालूच नकोस. तिघांचे ऐकून मी होतो तिथेच आहे, म्हणून हा धागा काढला. वापरलेली लेन्स घेण्यास माझी हरकत नाही.

जुनीकाच | शनिवार, रात्री १०.२५

तुमच्या कॅमेऱ्याचा क्रॉप १.६ आहे, त्यामुळे १० मिमीची लेन्स तुमच्याकडे फुल फ्रेमवरच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या, १६ मिमीइतका कोन दाखवते. कर्णावर मोजल्यास तो सुमारे १०७ अंश होतो. तुमच्या १८ मिमीवर हाच कोन ७४ अंशांच्या आसपास आहे. आकडे जवळजवळ दिसले तरी प्रत्यक्ष चौकटीत हा फरक मोठा असतो.

तुमच्या रकमेत गांभीर्याने विचार करण्यासारख्या तीनच लेन्स मला दिसतात. पहिली कॅनन ईएफ-एस १०-१८ मिमी एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम. ती २०१४ सालची आहे, वजन अवघे २४० ग्रॅम, आत स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) आहे, माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात बसणारी कडी, मात्र प्लास्टिकचे. दुसरी तिची थोरली बहीण, २००४ सालची ईएफ-एस १०-२२ मिमी एफ/३.५-४.५. हिची बांधणी अधिक भक्कम आहे आणि फोकसच्या अंतराची पट्टी लेन्सवरच छापलेली आहे, पण स्टॅबिलायझर नाही. आणि आता ती वापरलेलीच शोधावी लागेल. तिसरी टोकिना ११-१६ मिमी एफ/२.८, जी वजनाला अर्ध्या किलोच्या वर जाते. तिची काच उत्तम आहे, परंतु सूर्य किंवा रस्त्यावरचा दिवा चौकटीत आला की फ्लेअर (उजेडाचे डाग) दाखवते आणि कडांना जांभळट-हिरवट रेघा उमटतात. शिवाय ११ ते १६ हा पल्ला इतका आखूड आहे की तिला झूम म्हणण्यापेक्षा रुंद कोनाची एकच लेन्स म्हणावे.

तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही, परंतु तो आकाशगंगेपुरता आहे. तुमच्या यादीत आकाशगंगा सर्वांत शेवटी आहे, हे त्याला सांगितले होते का?

मापपट्टी | रविवार, सकाळी ८.१०

मी व्यवसायाने आर्किटेक्ट आहे आणि बेलापूरला राहते, त्यामुळे इमारतींच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिते. लेन्स घेण्यापूर्वी एक साधे गणित करून पाहावे. समोरच्या भिंतीची किती रुंदी चौकटीत मावेल हे काढायचे असेल, तर अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणावे आणि फोकल लेंथने (लेन्सच्या मिमीच्या आकड्याने) भागावे. तुमच्या सेन्सरची रुंदी २२.३ मिमी आणि उंची १४.९ मिमी आहे.

आमच्याकडे सेक्टर ८ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी आखलेले आर्टिस्ट व्हिलेज आहे. तिथे सात-सात घरे साधारण आठ मीटर लांबी-रुंदीच्या छोट्या चौकाभोवती बसवलेली आहेत. त्या चौकाच्या एका कडेला उभे राहून समोरच्या घराचा फोटो घ्यायचा झाला, तर आठ मीटरवरून १८ मिमीमध्ये ९.९ मीटर रुंदी मावते. म्हणजे समोरचे घर साध्या किट लेन्समध्येही बसते. १० मिमीवर तेवढ्याच अंतरावरून १७.८ मीटर येतात, आणि त्यातले निम्मे शेजारच्या घरांचे कोपरे, विजेचे मीटर आणि उभ्या केलेल्या स्कूटर असतात.

आता तुमची नौपाड्याची गल्ली घ्या. पाठ समोरच्या कुंपणाला टेकवली तरी अंतर पाच मीटरच मिळते असे धरू. १८ मिमीवर ६.२ मीटर रुंदी मावते आणि १० मिमीवर ११ मीटरांपेक्षा थोडी जास्त. पण जुन्या घरांच्या बाबतीत अडचण रुंदीची कमी आणि उंचीची अधिक असते. भिंतीच्या उभ्या रेषा उभ्याच यायला हव्या असतील तर कॅमेरा वर न उचलता अगदी सरळ धरावा लागतो. आणि सरळ धरला की डोळ्यांची पातळी चौकटीच्या बरोबर मध्यावर येते, म्हणजे अर्धी चौकट रस्त्यावर खर्च होते. दीड मीटर उंचीवर कॅमेरा उभा धरला, तर पाच मीटरवरून १८ मिमीवर जमिनीपासून ४.६ मीटरपर्यंतचेच दिसते. तळमजला आणि वर एक मजला असलेल्या घराची गॅलरी त्यात येईल, कौले मात्र कापली जातील. १० मिमीवर हीच मर्यादा ७.१ मीटरपर्यंत जाते, तेव्हा छपराचा कणा जेमतेम मिळतो. खालचा निम्मा रस्ता नंतर कापून टाकावा.

कॅमेरा वर उचलून काढायचा आणि नंतर संगणकावर रेषा सरळ करायच्या, हाही मार्ग आहे. पण त्या दुरुस्तीत चौकटीच्या कडा बऱ्याच जातात, म्हणून तिथेही हाताशी जादा रुंदी असावी लागते. शक्य असेल तिथे मी तिसरा मार्ग सुचवीन. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे दार वाजवा. छायाचित्र कशासाठी हवे ते नीट सांगितले, तर ठाण्यातली मंडळी खिडकीत उभे राहू देतात, वर चहाही विचारतात. घराच्या निम्म्या उंचीवर कॅमेरा पोहोचला की वर उचलण्याची गरजच उरत नाही आणि किट लेन्सलाही पुष्कळ काम करता येते.

एवढे सगळे करूनही जिथे मागे सरकायला जागा नसते, तिथेच १० मिमी कामाची. तुमच्या घरांपैकी अशी किती आहेत, ते आधी मोजावे.

पूर्णचौकट | रविवार, सकाळी ११.०५

माझे मत वेगळे आहे. वाइड अँगलचा खरा आनंद फुल फ्रेमवरच मिळतो. वापरलेला ६डी आणि १७-४० मिमी एफ/४ एल घ्यावा. आज क्रॉपसाठी घेतलेली लेन्स उद्या वाया जाते.

जुनीकाच | रविवार, सकाळी ११.५०

पूर्णचौकट, १७ मिमीला १.६ ने भागले की १०.६ येतात. म्हणजे कॅमेरा आणि लेन्स दोन्ही नव्याने घेऊन धागाकर्त्यांना तोच कोन मिळेल, जो १०-१८ नुसती बसवून मिळतो. रात्रीच्या प्रकाशात फुल फ्रेम सरस आहे हे मान्य, पण पंचवीस हजारांत हे गणित बसत नाही.

"उद्या वाया जाते" हे अर्धेच खरे आहे. ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, हे बरोबर. परंतु उद्या ते मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) गेले, तर कॅननच्या अ‍ॅडॅप्टरवर हीच १०-१८ ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझरसह चालते. उलटे मात्र होत नाही. मिररलेससाठी २०२३ साली आलेली आरएफ-एस १०-१८ मिमी फक्त १५० ग्रॅमची आणि मोठी मोहक आहे, पण ती २००डीवर बसणार नाही. दुकानात दोन्हींची नावे सारखीच ऐकू येतात, तेव्हा खोक्यावरची अक्षरे नीट वाचूनच पैसे द्यावेत.

चरईकर | रविवार, दुपारी ३.३०

मापपट्टी, आपण दिलेले गणित घेऊन दुपारी जुने फोटो उघडून बसलो. फोटोंच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते, त्यावरून १८ मिमीचे सगळे वेगळे काढले. घरांच्या फोटोंपैकी बहुतेक १८ वरच आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी कौले कापलेली आहेत. शोभायात्रेचे फोटो मात्र २४ ते ३५ मिमीच्या दरम्यान निघाले, ज्याचे मलाच आश्चर्य वाटले. म्हणजे तिथे मला रुंद लेन्स नकोच आहे, की वापरायची कशी ते ठाऊक नसल्यामुळे मी ३५ वर जातो?

पथकातली | रविवार, सायंकाळी ६.१५

शोभायात्रेविषयी मी लिहिते, कारण मी ढोल वाजवते आणि फोटो काढणारे आमच्या किती जवळ येतात हे मला दुसऱ्या बाजूने दिसते.

कोपिनेश्वर मंदिरातून पालखी निघाल्यावर रस्त्याच्या कडेला दोरीपलीकडे उभे राहून काढणार असाल, तर तुमचे २४ ते ३५ मिमी अगदी योग्य आहे. तिथून १० मिमी लावली तर निम्म्या चौकटीत आकाश आणि डांबर येईल आणि पथक मधल्या पट्टीत एवढेसे दिसेल. रुंद लेन्स कामाची ठरते ती हाताच्या अंतरावर आल्यावर. समोर ढोलाचे पान, त्यावर पडणारे टिपरू, मागे वादकाचा चेहरा आणि त्याच्याही मागे पूर्ण रांग, एवढे सगळे एका चौकटीत फक्त तीच आणू शकते.

तसे जवळ येताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पथकप्रमुखाला आधी विचारावे आणि टिपरूच्या फेकीत उभे राहू नये, कारण वादकाचे लक्ष ठेक्यावर असते, तुमच्या लेन्सवर नसते. दुसरे म्हणजे माणसांना चौकटीच्या कडेला ठेवू नये. १० मिमीवर कडेचा ढोल अंड्यासारखा लांबट होतो, आणि त्या मुलीचे तोंडही तसेच होते; मग तो फोटो ती कुणालाही दाखवत नाही. चेहरे मध्याजवळ आणावेत, कडांवर ध्वज, इमारती, तोरणे येऊ द्यावीत, आणि शक्यतो १४-१५ मिमीच्या खाली जाऊ नये.

पाडव्याच्या सकाळी ऊन भरपूर असते, त्यामुळे एफ/२.८ आहे की एफ/४.५ याने काही फरक पडत नाही. स्टॅबिलायझरही तिथे उपयोगाचा नाही, कारण तो तुमचा हात स्थिर करतो, आमचा नव्हे. १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे.

जुनीकाच | रविवार, सायंकाळी ७.००

पथकातली यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. अशा गर्दीत दर वेळी ऑटोफोकस लावत बसण्यापेक्षा फोकस एकदा ठरवून ठेवावा. १० मिमी आणि एफ/८ ला तुमच्या सेन्सरवर सुमारे ६५ सेंटिमीटरवर फोकस ठेवला, तर ३३ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. १५ मिमीला हेच अंतर साधारण दीड मीटर होते आणि पाऊण मीटरपासून पुढचे सगळे स्पष्ट मिळते. १०-२२ आणि टोकिनावर अंतराची पट्टी असल्यामुळे हे बोटांनीच करता येते. १०-१८ वर ती नाही, म्हणून तेवढ्या अंतरावरच्या एखाद्या वस्तूवर ऑटोफोकस लावून मग लेन्सवरचा खटका मॅन्युअलवर सरकवावा.

मृगनक्षत्र | रविवार, रात्री ११.२०

आकाशगंगेचा विषय निघाला आहे, तर टोकिनाची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

एफ/४.५ च्या तुलनेत एफ/२.८ वर अडीचपट प्रकाश आत येतो. रात्री हा फरक नगण्य नसतो. ११ मिमी, एफ/२.८, वीस सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० अशा मांडणीत जे मिळते, तेच १०-१८ वर मिळवायला आयएसओ ८००० च्या आसपास जावे लागेल, आणि २००डीच्या फोटोत तिथे रवाळपणा बराच दिसतो. वेळ वाढवून भरपाई करावी म्हटले, तर पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. पाचशेला तुल्य (फुल फ्रेमच्या हिशेबातल्या) फोकल लेंथने भागण्याचा जुना नियम १० मिमीला तीस सेकंद देतो, पण आजच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तो सैल आहे. वीसच्या आत राहावे.

तरीही मी टोकिना घ्या असे म्हणणार नाही. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग आपल्याकडून दिसतो तो साधारण फेब्रुवारी ते ऑक्टोबर, आणि त्यातले जून ते सप्टेंबर ढगांत जातात. उरलेल्यांत चंद्र नसलेल्या रात्री, त्यातही शनिवार-रविवार, आणि धूसर हवा नसेल असे दिवस. ठाणे-नवी मुंबईच्या उजेडापासून पुरेसे दूर जाणे वेगळेच. वर्षाकाठी हाती लागणाऱ्या या मोजक्या रात्रींसाठी टोकिना भाड्याने आणावी. ओळखपत्र आणि अनामत ठेवून दिवसाच्या भाड्यावर लेन्स देणारे ठाण्यातही आहेत आणि फोर्टातही. दोन दिवस हाताळल्यावर वजनाबद्दलचे मतही पक्के होईल.

सह्यपठार | सोमवार, सकाळी ७.१५

वजनाचे मत आम्हा डोंगरभटक्यांचे आधीच पक्के आहे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना पाठीवर पाणी, शिधा आणि ट्रायपॉड असतो. त्यात अडीचशे ग्रॅमची लेन्स सोबत येते आणि साडेपाचशे ग्रॅमची हळूहळू घरीच राहू लागते.

किल्ल्यांवर रुंद लेन्सचा मोह सगळ्यांनाच होतो. कोकणकड्यावर तो रास्त आहे, कारण कडा स्वतःच आत वळलेला आहे आणि त्याची एक बाजू तुमच्या पायाजवळूनच सुरू होते. नाणेघाटातून जीवधन काढायला जाल, तर १० मिमीवर तो किल्ला आणि शेजारचा वानरलिंगी सुळका अगदी बुटके होऊन बसतात. लांबचे डोंगर भव्य दिसायला हवे असतील, तर ते काम तुमच्या ५५-२५० चे आहे. रुंद लेन्स लावली की पायाशी काहीतरी ठेवावेच लागते, मग ती सोनकीची फुले असोत, कातळात खोदलेले टाके असो की तटबंदीचा ढासळलेला दगड. खाली वाकून, अर्ध्या मीटरवर जाऊन.

आणि लेन्स येईपर्यंत एक फुकटचा उपाय आहेच. किट लेन्सवर कॅमेरा उभा धरून, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअलवर पक्के करून, प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा तरी येईल अशा बेताने ओळीने फोटो घ्यावेत आणि संगणकावर जोडावेत. दूरच्या दृश्यांना हे झकास जमते, फोटोचा आकारही मोठा मिळतो. चालत्या मिरवणुकीत जमत नाही, आणि जवळचा खांब किंवा गॅलरीचा कठडा असेल तिथे जोड उघडे पडतात. म्हणून चरईकरांच्या घरांसाठी हा उपाय अपुरा आहे.

पामबीच | सोमवार, दुपारी १.४०

धाग्यात घुसखोरी करते, क्षमस्व. मी नेरूळला राहते आणि माझ्याकडे निकॉनचा डी५१०० आहे. वडिलांचा जुना कॅमेरा आहे, म्हणून बदलायचा नाही. निकॉनची १०-२० मिमी एएफ-पी लेन्स स्वस्त आणि हलकी आहे असे वाचले. घ्यावी का? डीपीएस तलावावरचे फ्लेमिंगो आणि पाम बीच रस्त्यालगतची खाडी हे माझे विषय आहेत.

जुनीकाच | सोमवार, दुपारी २.३०

ती लेन्स आपण मुळीच घेऊ नका. २०१७ सालची ही लेन्स वजनाला २३० ग्रॅम आणि कामाला चांगली आहे; परंतु एएफ-पी जातीच्या लेन्स डी३१००, डी५१००, डी९० अशा जुन्या बॉडींवर चालत नाहीत. ऑटोफोकस तर होत नाहीच, पण फोकसची कडीही विजेवर चालणारी असल्यामुळे हातानेही फोकस करता येत नाही. लेन्स बसते खरी, आणि दुकानात बसवून दाखवलीही जाते, म्हणून गिऱ्हाईक फसते.

आपल्यासाठी निकॉनची एएफ-एस १०-२४ मिमी एफ/३.५-४.५ वापरलेली पाहावी. टोकिना ११-१६ घेतली तर दुसरीच आवृत्ती घ्यावी, कारण आपल्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीच्या लेन्समध्येही नाही.

फ्लेमिंगोंना रुंद लेन्स लावल्यास पाण्यावर गुलाबी ठिपके येतील. खाडी, कांदळवन आणि पावसाळी ढग यांसाठी मात्र ती छान आहे.

घोडबंदररोडवाला | सोमवार, रात्री ९.५५

मी विक्रीच्या आणि भाड्याच्या सदनिकांचे फोटो काढतो, त्यामुळे माझे पोट १०-१८ वरच चालते. चरईकर घरांच्या आतही जाणार असतील असे गृहीत धरून लिहितो.

आतल्या फोटोंना मोठ्या अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राची) गरज नसते. कॅमेरा ट्रायपॉडवर, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, पाणसळीत सरळ, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर लागेल तेवढे. याहून उंच लावला की छत फार येते, आणि खाली लावला की ओट्याची आणि टेबलांची पृष्ठे दिसत नाहीत. खिडकीबाहेरचा उजेड सांभाळायला वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन जोडतो. जुन्या घरांत जिना अंधारा असतो आणि ट्रायपॉडचे पाय तिथे पसरत नाहीत. तिथे या लेन्सचा स्टॅबिलायझर कामास येतो. कॅनन चार स्टॉपचा दावा करते (एक स्टॉप म्हणजे शटरची दुप्पट वेळ). १० मिमीवर भिंतीला टेकून अर्ध्या सेकंदाचे फोटो मला नेहमी धड मिळतात.

एक सावधगिरी सांगतो. १० मिमी आहे म्हणून १० मिमीच वापरायची नाही. दहा बाय दहाची बेडरूम तिच्यावर हॉलसारखी दिसते, मग गिऱ्हाईक प्रत्यक्ष जागा पाहायला येते आणि दारातच तोंड वाकडे करते. माझे बहुतेक काम १३-१४ मिमीवर होते. १० मिमी मी बाथरूम आणि जिन्यासाठी राखून ठेवतो. तुम्ही तर दस्तऐवज म्हणून घरे टिपणार आहात, तेव्हा खोलीचे माप फोटोत खोटे पडू नये याची काळजी माझ्यापेक्षा तुम्हाला अधिक घ्यावी लागेल.

खरेदीआधी अंदाज घ्यायचा असेल तर कुणाचा तरी आयफोन मागून घ्या. ११ पासूनच्या ज्या मॉडेलांत ०.५ची लेन्स आहे, ती १३ मिमीच्या तुल्य आहे, म्हणजे तुमच्या होणाऱ्या १६ मिमी तुल्य लेन्सपेक्षाही रुंद. फोनच्या चौकटीत घर कडेला मोकळी जागा ठेवून बसले, तर १०-१८ मध्येही बसेल असे समजावे.

मापपट्टी | मंगळवार, सकाळी ८.४५

माप खोटे पडण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दस्तऐवजीकरणात आम्ही एक फोटो माणूस किंवा मोजपट्टी उभी करून घेतोच. दरवाजाच्या चौकटीजवळ घरातल्याच कुणाला उभे केले तरी चालते, फक्त त्यांना चौकटीच्या मध्याजवळ ठेवावे. कारण पथकातली यांनी वर सांगितले आहेच.

चरईकर | मंगळवार, रात्री १०.१०

सर्वांचे आभार. फोनचा प्रयोग आज संध्याकाळी चरईतल्या दोन गल्ल्यांत केला आणि जी घरे किट लेन्समध्ये बसत नव्हती ती बसली. १०-१८ घ्यायची असे ठरवले आहे. आकाशगंगेसाठी टोकिना भाड्याने आणीन. फोर्टात बोराबाजारकडे एका दुकानात वापरलेली १०-१८ आहे आणि किंमत माझ्या रकमेच्या निम्म्याहून कमी सांगतात. शनिवारी जाऊन पाहणार आहे. तिथे नेमके काय तपासावे?

जुनीकाच | मंगळवार, रात्री १०.५०

स्वतःचा कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि एक लहान टॉर्च घेऊन जा. लेन्सच्या मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पुढून पाहावे. आपल्या हवेत बुरशी हा पहिला शत्रू आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेच्या कडेला दिसले, तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये. धुळीचे दोन-चार कण असल्यास दुर्लक्ष करावे. पुढच्या काचेवरचा ओरखडा मात्र रुंद लेन्समध्ये मनावर घ्यावा, कारण ऊन समोरून आले आणि अ‍ॅपर्चर लहान असले की तो फोटोत डाग बनून उतरतो.

त्यानंतर दुकानाच्या दारात यावे. समोरच्या दगडी इमारतीचा, कॅमेरा भिंतीला समांतर धरून, १० मिमी आणि एफ/५.६ वर फोटो घ्यावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. तीन स्पष्ट आणि एकच पुसट असेल, तर आतली काच सरकलेली आहे, बहुधा लेन्स कधीतरी पडलेली आहे. हीच तपासणी १८ मिमीवर करावी. शटर अर्धे दाबून स्टॅबिलायझरचा बारीक गुंजारव ऐकावा. खडखड ऐकू आली तर परत द्यावी. माउंट प्लास्टिकचे असल्याने त्याचे तीन कान झिजलेले नाहीत ना, आणि बसवल्यावर लेन्स डुलत नाही ना, हेही पाहावे. हूड (तिरपे ऊन अडवणारी पुढची कडी) कॅनन या लेन्ससोबत देत नाही, तेव्हा तो मिळाला तर घासाघीस थोडी कमी करावी.

घरी आणल्यावर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि पन्नासेक रुपयांची रबरी फुंकणी एवढे पुरे. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. जुलैमध्ये ठाण्यात कपाटातले चामड्याचे पट्टेही पांढरे होतात, काचेचे काय सांगावे.

चरईकर | शनिवार, सायंकाळी ७.३५

लेन्स घेतली. चारही कोपरे सारखे होते, बुरशी नव्हती, हूड मिळाला नाही. शेवटची शंका: माझ्या दोन्ही जुन्या लेन्सचा फिल्टरचा व्यास ५८ मिमी आहे आणि हिचा ६७ मिमी. माझ्याकडचा ५८ चा पोलरायझर रिंग लावून हिच्यावर बसवता येईल का, की ६७ चा नवा घ्यावा?

सह्यपठार | शनिवार, रात्री ८.२०

अभिनंदन! लहान फिल्टर मोठ्या लेन्सवर बसवणारी रिंग मिळते, पण १० मिमीवर चारही कोपऱ्यांत काळी कड येईल, म्हणून तो विचार सोडून द्यावा. नवा पोलरायझरही आकाशासाठी घेऊ नये. सूर्यापासून ९० अंशांवरचा आकाशाचा पट्टाच तो सर्वांत गडद करतो, आणि तुमच्या चौकटीत आता इतके आकाश मावते की एका बाजूला गर्द निळे आणि दुसऱ्या बाजूला फिकट असे चट्टे दिसतात. पावसानंतरच्या ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी काढायला तो लागतो, पण तेवढ्यासाठी ५८ चा तुमच्या किट लेन्सवर आहेच. त्या पैशांत हूड घ्या. ईडब्ल्यू-७३सी हा क्रमांक सांगितला की दुकानदाराला कळेल.